उलटे आटे

११ जानेवारी

सायकल स्वयंपाकघरात का, तर दुसरीकडे जागा नाही म्हणून. पुढच्या खोलीत तुझ्या बाबांचा पलंग आणलाय, मागच्या खोलीत त्यांची फिटरची हत्यारं आहेत म्हणून तिला मी कुलूप लावते, आणि जिन्याखाली ठेवली तर ते तिला अडखळतात. म्हणून ओट्याला टेकवून उभी केलीय. मी भाजी चिरते तेव्हा हँडल पाठीला टोचतं. टोचू दे. तू विचारलं नाहीस, दुसरंही कोणी तोंडाने विचारत नाही, पण घरात शिरणारा प्रत्येक माणूस आधी सायकलीकडे बघतो आणि मग माझ्याकडे, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायला निदान हात तरी लावशील.

तर तुझी ती डोंगरात हाणायची सायकल बिघडली. चेन तुटली. गंजून कड्या काठीसारख्या ताठ झाल्याच होत्या. काल ती चाक आणि दांडा यांच्यात अडकली, मी जोर लावला आणि तुटली. तू म्हणशील, या वयात तू सायकलीला जोर कशाला लावत होतीस. मला ती लागते. रोज संध्याकाळी लागते. कशाला, ते पुराण सांगत बसत नाही.

खरं पत्र इथून सुरू. तुझ्या बाबांचं डोकं चाललंय. गेलं नाही अजून, चाललंय. डॉक्टरने कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. म्हटलं, चित्र राहू द्या, पुढे काय होणार ते सांगा. तो म्हणाला, काही गोष्टी लवकर जातील, काही बऱ्याच टिकतील, कुठल्या ते सांगता येत नाही. मग एवढा वेळ बाहेर कशाला बसवलं होतं कोण जाणे. चष्मा फ्रीजमध्ये ठेवतात. बूट घालून आंघोळीला जातात. हल्ली कुत्र्यांचं बोलायला लागलेत. गल्लीत औषधालासुद्धा कुत्रा नाही, आणि हे मान वर करून म्हणतात, कुत्रे भुंकले. मी म्हणते, हो, भुंकले.

पण त्या डोक्यात तू आहेस अजून. बारक्या कुठे गेला, बारक्या जेवला का. माझं नाव काढत नाहीत, तुझं काढतात. आणि भांडण त्यांच्या ध्यानातसुद्धा नाही. सगळ्यात आधी तेच गेलं. तुला पंपहाऊसमध्ये चिकटवण्यासाठी साहेबासमोर वाकले होते, ते गेलं. तू डबा घेऊन घरातून वेळेवर निघायचास आणि दिवसभर टेकडीवर सायकल उडवत बसायचास, ते गेलं. साहेबाने सगळ्या फिटर लोकांसमोर विचारलं, अहो तुमचा मुलगा दिसतो कसा ते तरी सांगा, ते गेलं. 'सायकल इथे ठेव आणि चालता हो', तेही गेलं. तू सायकल ठेवलीस आणि चालता झालास. बापाचं शब्दाला शब्द ऐकलंस ते तेवढं एकदाच.

आता ते भांडण तुझ्या एकट्याकडे आहे. समोर कोणी उरलंच नाही. कुणाशी भांडतोयस?

ये. एकदाच म्हणते, पुन्हा म्हणणार नाही. ओळखतात तोवर ये. मी गळा काढत नाहीये. गॅस संपत आला की कळवतात, तसं कळवतेय.

चेन मी बदलून घेईन. त्यासाठी तुझी गरज नाही.

आई


२ फेब्रुवारी

उत्तर नाही. बरं. टपालवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, काकू, आलं असतं तर मी काय घरी नेऊन ठेवलं असतं? त्याचंही बरोबर आहे.

चेन बदलली. मीच बदलली. दुकान बसस्टॉपच्या पलीकडे, तिथवर सायकल नेऊन परत येईपर्यंत बाबांना एकटं ठेवता येत नाही. दुकानदाराने नवी चेन आणि पिन ढकलायचं छोटं यंत्र घरी पाठवलं. समोरच्या खेळाच्या बाई मदतीला होत्या. तुला आठवत असतील. शाळेची नोकरी सुटून किती वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी सुटलेली नाही. पायरीवर उभं राहून मला हुकूम सोडत होत्या.

जुनी चेन जमिनीवर पसरली, शेजारी नवी ठेवली. बाईंनी कड्या मोजल्या. सारख्या. तरी जुनी लांब. म्हटलं, बाई, चुकलात मोजायला. त्या म्हणाल्या, "मी अख्खी शाळा रांगेत मोजायची, मला कड्या मोजायला शिकवता?" पुन्हा मोजल्या. सारख्याच. दुकानदाराला फोन लावला, तर म्हणाला, ओढून ओढून लांबते काकू, प्रत्येक कडी केसाएवढी सैल होते. माणूस वापरून आखूड होतो, चेन लांब होते. मला हे माहीत नव्हतं.

मागे तो गिअरचा हात लोंबतो ना, त्यातल्या दोन चिमुकल्या चक्रांमधून चेन नागमोडी घालायची असते. आम्ही एका पत्र्याच्या चुकीच्या बाजूने घातली. पॅडल फिरवलं तर नुसती करकर. पुन्हा पिन काढली, पुन्हा घातली. माझी नखं काळी झाली ती अजून निघत नाहीत. हाताचं म्हणशील तर किरकोळ आहे. अक्षर वाकडं दिसतंय ते त्या पट्टीमुळे, दुसरं काही नाही. आणि पट्टी सायकलीमुळे नाही. बाबांना शर्ट बदलायचा नव्हता, एवढंच.

ते फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. रोज दुपारनंतर बसतात ते उठत नाहीत. जेवायला उठत नाहीत, अंधार पडला तरी उठत नाहीत. उठवायला गेलं की काय होतं ते वर लिहिलंच.

सायकल आता मी ढकलायची नाही, बाईंनी चालवायची, असं ठरलंय. त्याला कारण आहे. बाई गल्लीचा चढ चढून कोपऱ्यापर्यंत जाणार आणि तिथून पॅडल न मारता उतारावरून फाटकापर्यंत येणार. पण चढावर जोर लावला की नवी चेन दात्यांवरून उडी मारते. पाय एकदम मोकळा सुटतो. परवा बाईंचा गुडघा हँडलवर आपटला. कळवळल्या आणि मग जोरात शिट्टी फुंकली. फाउल कोणाला दिला देव जाणे.

खालच्या चार ओळी मी खोडल्यात. उजेडासमोर धरून वाचायला जाऊ नकोस, दोनदा खोडल्यात.

ये म्हणून एकदा लिहिलंय, ते पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांग, नवी कोरी चेन घसरते का? सायकल तुझी, तुलाच तिचे नखरे माहीत.

आई


१९ फेब्रुवारी

कार्ड पोचलं. टपालवाल्याने फाटकातूनच ओरडून सांगितलं, सगळ्या गल्लीला कळलं.

"नवी चेन जुन्या दात्यांवर बसत नाही. दोन्ही बरोबरच झिजतात. एकच बदलून चालत नाही. मागचं फ्रीव्हील पूर्ण बदल. पुढची चक्रं चालतील."

इतकंच. मी कार्ड उलटून बघितलं. मागे आपला पत्ता आणि दुसरं काही नाही. बाबांबद्दल अक्षर नाही. 'आई' असंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, काय लिहितो मुलगा? म्हटलं, फ्रीव्हील बदलायला सांगतोय. "एवढंच?" म्हटलं, एवढंच विचारलं होतं.

पण अक्षर तुझंच आहे. 'ल' अजून तसाच, पोट सुटल्यासारखा. कार्ड फ्रीजवर ठेवलंय, चुंबकाखाली.

खरं सांगते, ती मागची दात्यांची चक्रं, तुझं ते फ्रीव्हील, मी बदलणार नव्हते. बाईंना म्हणणार होते, चढावर उतरा आणि ढकला, कशाला हवाय व्याप. पण तू सांगितलंस. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी कर म्हणालास, तर ते करायचं. दुकानदाराला सांगितलंय. जुन्या प्रकारचं, आट्यांवर बसणारं, हल्ली कमी मिळतं, मागवावं लागेल म्हणाला. मागव म्हटलं.

तुला घरचं विचारायचं नसेल, पण मी सांगते. काल मी ताट वाढलं तर हे मला म्हणतात, "अहो बाई, तुमचं घर कुठे?"

म्हटलं, "इथेच. जवळच."

"तुमचे यजमान काय करतात?"

"पाण्याच्या पंपावर फिटर होते."

हे म्हणाले, "मग माणूस कामाचा असणार. तापट असतात, पण कामाचे असतात."

म्हटलं, "तापट तर आहेतच."

"सांभाळून घ्या," म्हणाले. आणि माझ्या हातावरच्या पट्टीकडे बघून, "हे कशाने झालं?"

म्हटलं, "कुकरच्या वाफेने."

मी हसले, आणि मग ओट्यापाशी जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली. बारक्या मात्र विचारून झाला. जेवला का, म्हणाले. म्हटलं, येतोय. हे असं आहे. मला अहो बाई, आणि तू अजून बारक्या.

आई


८ मार्च

आजचं पत्र नीट बसून वाच. आज चांगलं घडलं.

फ्रीव्हील काल आलं. सात चक्रं एकावर एक, चकाकणारी, तेलाचा वास. दुकानदाराने जुनं काढायला दोन नख्यांचा पाना दिला होता. बाई चाक धरून, मी पान्यावर. हलेना. फोन केला तर दुकानदार म्हणाला, पॅडलवर जितका जोर पडतो तितकं ते आवळत जातं, त्याची घडणच तशी. म्हणजे तू टेकडीवर जितका घाम गाळलास, तो सगळा तिथे घट्ट होऊन बसलाय. मी आणखी जोर लावला आणि पान्याच्या नख्या सटकल्या. फ्रीव्हीलमधल्या खाचाच तुटल्या. आता पाना धरायला जागा नाही. बाई म्हणाल्या, झालं, सामना संपला.

मी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. हातोडी आणि ठोकायचा लोखंडी पंच घेतला. फ्रीव्हीलच्या वरच्या झाकणावर पंच ठेवून ठोकायला लागले, नेहमीच्या नटासारखं, उजवीकडून डावीकडे. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. हे होते. फाटकावरची खुर्ची सोडून आत आले होते.

आधी चाकाकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे.

"उलटे आटे आहेत," म्हणाले. "कितीदा सांगितलंय, त्या झाकणाला उलटे आटे असतात. सोडवायला जातेस आणि आवळून ठेवतेस. अक्कल गहाण टाकलीस का?"

बारक्या, मला तू म्हणाले. जातेस म्हणाले, टाकलीस म्हणाले. कितीदा सांगितलंय म्हणाले. म्हणजे आधी कधी सांगितलं होतं हे त्यांच्या ध्यानात होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि शिट्टी मुठीत धरली.

मी हातोडी देऊन टाकली. त्यांचे हात कसे थरथरतात तुला माहीत नाही, चहाची बशी सरळ धरता येत नाही. पण पंच लावला आणि थरथर थांबली. बारीक ठोके, एकाच जागी, उलट्या दिशेने. मोजके. झाकण फिरलं. बोटाने काढलं आणि आतले सगळे छर्रे टपटप खाली, फरशीभर, ओट्याखाली, सायकलीखाली. ते हसले. खळखळून हसले. किती काळाने ऐकलं.

मग सगळी चक्रं हातात निघून आली. आत दोन बारके लोखंडी तुकडे होते, नखाएवढे. ते तळहातावर घेऊन मला दाखवले. "हे बघ, कुत्रे. अजून धार आहे यांना." म्हटलं, हो, कुत्रे. म्हटलं पुन्हा तेच सुरू झालं, पण आज सुरू झालं तर होऊ दे, मला काही फरक पडत नाही.

उरलेला गाभा मागच्या खोलीतल्या वाईसच्या जबड्यात पकडला आणि चाकच फिरवलं, बसचं स्टिअरिंग फिरवतात तसं. एका बाजूने ते, एका बाजूने मी. कडकन सुटलं. नव्याच्या आट्यांना त्यांनी स्वतः ग्रीस लावलं आणि हाताने बसवलं, "हाताने जातं तितकंच, जबरदस्ती नाही." चेन चढवली, गिअर एक एक टाकून बघितला, बारीक स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे. आता एकही गिअर अडत नाही. तू असतास तर काही बोलायला जागा नव्हती.

संध्याकाळी थकून लवकर जेवले. ताट पूर्ण संपवलं. फाटकाशी बसलेसुद्धा नाहीत.

छर्रे मी झाडून गोळा केले, जुनी चक्रं, तुटकी चेन, ते दोन तुकडे, सगळं एका पिशवीत. भंगारवाला नेमका आलाच होता, देऊन टाकलं. घरात लोखंड नको पडलेलं, पायाला लागतं.

उद्या बाई फेरी मारतील.

तू येत नसशील तर नको येऊस. पण आज हे झालं हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. तू फ्रीव्हील बदल म्हणालास म्हणून झालं.

आई


११ मार्च

आवाज गेला.

त्या खोडलेल्या ओळींत काय होतं ते आता सांगते. तेव्हाच सांगितलं असतं तर, ते जाऊ दे.

हे फाटकाशी तुझी वाट बघत बसायचे. मागच्या पावसाळ्याआधी एकदा मी झाडताना ती सायकल जिन्याखालून ओढली. चाक फिरलं आणि टक टक टक टक झालं. हे फाटकावरून ओरडले, "बारक्या आला." आणि उठले, हात धुतले, जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी उठेनात तेव्हा मी सायकल मागच्या दाराने काढली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि ढकलत आणली. टक टक टक. "बारक्या आला." उठले. त्यानंतर रोज. रोज संध्याकाळी मी तुला घरी आणत होते, आणि ते जेवत होते. चेन तुटली तेव्हा मी चेनशिवाय ढकलून बघितली. मुकाट फिरते, मागची चक्रं चाकाबरोबर गोल जातात आणि आवाजच होत नाही. म्हणून चेन हवी होती. मग एकदा त्यांनी मला ढकलताना पाहिलं आणि विचारलं, "बारक्या मागे राहिला का?" त्या दिवशी उठलेच नाहीत. म्हणून बाई, म्हणून लांबून तू वाटावास अशी टोपी घालून चालवायची, म्हणून चढ, म्हणून घसरण, म्हणून तुला विचारलं.

हे तुला लिहिलं होतं आणि खोडलं. तुला दया येऊन तू आला असतास तर ते मला नको होतं. तुला वाटलं म्हणून यायला हवा होतास.

नऊ तारखेला बाई निघाल्या. चढ एकदम झकास चढल्या, चेन हूं की चूं नाही. कोपऱ्यावरून वळल्या आणि उतारावरून आल्या. मी दाराआड उभी होते. काही ऐकूच येईना. टायरचा नुसता स्स असा आवाज. बाई फाटकासमोर येऊन थांबल्या तरी यांनी मान वर केली नाही. बाईंनी घंटी वाजवली. मग बघितलं.

"कोण पाहिजे?"

बाई म्हणाल्या, "अहो, सायकल आणलीय. बारक्याची."

"इथे सायकलवालं कोणी राहत नाही," म्हणाले. पुढचं घर विचारा म्हणाले. सभ्यपणे सांगितलं अगदी, हाताने दाखवून.

बाईंनी आणखी तीन फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीला रडत होत्या. मी नव्हते रडत, मी आत जाऊन दुकानदाराला फोन केला. म्हटलं, आवाज का येत नाही? तो खूश. "काकू, सांगितलं होतं ना भारी माल आहे. अगदी शांत. आतले कुत्रे हलके बसतात याचे."

म्हटलं, "आतले काय?"

"कुत्रे. ती दोन नखं असतात ना आत, पॅडल थांबलं की दात्यांवरून टकटक करत जातात. तोच तर आवाज. तुमच्या घरात फिटर आणि तुम्हाला माहीत नाही? आम्ही कुत्रेच म्हणतो त्यांना."

कुत्रे भुंकले, बारक्या आला.

माणूस इतके दिवस शुद्धीवर बोलत होता, बारक्या. मीच हो भुंकले, हो भुंकले करत होते.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं तुला, कुत्र्यांचं बोलतात म्हणून. तू तो शब्द लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसून ऐकलास. मला आवाज माहीत होता, तुला शब्द माहीत होता. दोघांनी तोंडं मिटून ठेवली. आणि जुनं फ्रीव्हील उघडायला कोण आलं, तर ते स्वतः. त्यांच्याच हाताने, उलट्या दिशेने, मोजक्या ठोक्यांत. आणि मी त्या दिवशी आनंदाने तुला पत्र लिहीत बसले.

भंगारवाल्याकडे गेले होते. बाईंना बाबांपाशी बसवलं आणि गेले. लोखंडाचा डोंगर आहे तिथे. सायकलींचे सांगाडे, पंखे, पलंगाच्या पट्ट्या. तो म्हणाला, काकू, नखाएवढ्या तुकड्यासाठी आलात? मी तरी हात घालून बघितला. परत येताना दुकानातून जुनी उतरवलेली फ्रीव्हीलं आणली. चाकावर लावून फिरवली, सगळी टकटक करतात. यांच्यासमोर फिरवली. प्रत्येक ऐकतात, कान देऊन, आणि म्हणतात, "आपला नाही." तारांमध्ये पुठ्ठा अडकवून बघितला. "पुठ्ठा आहे," म्हणाले. फिटर आहे शेवटी, फसत नाही.

बाई म्हणाल्या, त्याला बोलवा. म्हटलं, बोलावलंय.

आई


२ एप्रिल

फाटकावरची खुर्ची आत घेतली. ते बसतच नाहीत तिथे. आधी दोन-चार दिवस बसले, मग एका दुपारी मी खुर्ची टाकली तर म्हणाले, "ही कशाला?" म्हटलं, बसायला. म्हणाले, "कुणासाठी?" मी आत आणली.

आता सगळं सोपं झालंय. हाक मारली की उठतात. वाढलं की जेवतात. शर्ट बदलू देतात, हात वर करून उभे राहतात. माझ्या हाताची पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाला, छान, आता शांत आहेत, तुम्हाला त्रास कमी झाला असेल. म्हटलं, हो, खूप कमी झाला.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसतात. कुणाचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. एकदा काढून बघितलं होतं. म्हटलं, बारक्या जेवला असेल का हो? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाचा?"

बाई येतात, बसतात, जातात. शिट्टी घरी ठेवून येतात हल्ली. परवा म्हणाल्या, सायकल विकून टाका, स्वयंपाकघर मोकळं होईल. म्हटलं, असू दे, मला आता टोचायची सवय झालीय.

तुझं दुसरं कार्ड काल आलं. या वेळी टपालवाला ओरडला नाही, हातात दिलं. वर 'आई' लिहिलंयस. खाली एकच ओळ. "मी आलो तर बाबा मला ओळखतील का?"

वाचलं. पुन्हा वाचलं. पहिल्या कार्डाशेजारी ठेवलं, त्याच चुंबकाखाली.

सायकल चांगली आहे. सातही गिअर नीट पडतात. चेनला मी आठवड्याला तेल घालते, ती घसरत नाही. आवाज अजिबात नाही. यायचं असेल तर ये, नसेल तर नको येऊस, दार उघडंच असतं. तुझं अंथरूण कपाटात वरच्या खणात आहे.

इतके दिवस तू काही विचारलं नाहीस आणि मी पानं भरभरून सांगत राहिले. आता विचारलंयस. तर याचं उत्तर मी देणार नाही. पुन्हा विचारलंस तरी देणार नाही.

आई